पाणी भरणारी

जिंगदेझेन, ४ मार्च २००१

पेईलानताई,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र चुलीत टाकायला निघाली असशील. थांब, आधी वाच, मग टाक. चूल काही पळून जात नाही. आमचा युंगशान म्हणतो, "आई, एवढं बोलायचंय तर फोन कर की." लेकाला काय कळतंय! माझा आवाज ऐकल्याबरोबर तू फोन आपटशील. पत्र फेकायचं म्हटलं तरी निदान हातात घ्यावं लागतं.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. तू लीलिंगला गेलीस त्या वर्षापासून आहे माझ्याकडे. भट्टीवरच्या जाड्या लुओनं दिला होता. तुझं लग्न, तुझी मुलगी, जिला मी मावशी म्हणायचे त्या तुझ्या आईचं जाणं, सगळं त्याच्याकडून कळत गेलं. लिहिलं नाही, एवढंच.

आपला भांड्यांचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली. धुराडं उभं आहे, आत काही नाही. आपला बाक होता ना खिडकीशी, तिथं आता एक बाई गार शेवया विकते. मी मुद्दाम जाऊन तिथंच बसून खाते. तिखट कमी घालते मेली. परवा तिला म्हटलं, "बाई, तू उभी आहेस ना, तिथं बसून मी वीस वर्षं पाणी भरलंय." ती म्हणाली, "हो का आजी, मग बादल्या कुठं ठेवायचात?" आता हिला काय सांगू, कुंचल्यानं पाणी भरणं म्हणजे काय ते!

भांड्यावर तू रेष ओढायचीस, मी तिच्यात पातळ निळ्या रंगाचं पाणी भरायचे. रेष ओढणारीनं पाण्याला हात लावायचा नाही आणि पाणी भरणारीनं रेषेला. गावाचा कायदाच तो. आपण दोघी मिळून एक चित्रकार होतो, आणि पगार मात्र दोघींना वेगवेगळा मिळायचा म्हणून तू किती हसायचीस.

आमचे हे तीन वर्षांमागं गेले. युंगशान शेन्झेनला असतो. आमची गल्ली पाडणार आहेत, भिंतीवर चुन्यानं गोल काढून गेलेत. मे महिन्यात तो मला घेऊन जाणार, दहाव्या मजल्यावर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. महिन्याकाठी माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे गॅसची टाकी आणणारा, आणि तोही "आजी, इथं सही करा" एवढंच बोलतो. मी सही सावकाश करते.

बरं आहे. तब्येतीला जप.

च्याओयुन

ता. क. तुझ्या आईची बरणी फुटली नव्हती. माझ्याकडे आहे. साधा टवकासुद्धा उडालेला नाही.


१९ मार्च

पेईलानताई,

पंधरा दिवस झाले. लीलिंगहून पत्र यायला चार दिवस लागतात, मी पोस्टात विचारून आले. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. बस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही खोटं नाही.

तुझ्या बाजूनं काय झालं ते तुला ठाऊक आहे. आता माझ्या बाजूनं ऐक.

सहासष्ट सालच्या सप्टेंबरात तू मागच्या दारानं आलीस, बरणी गोधडीत गुंडाळून, तान्हं पोर आणावं तशी. तुझ्या आईचा बाप भट्टीचा मालक, माझा बाप त्याच भट्टीत लाकडं टाकणारा. त्या वर्षी मालक गुन्हेगार झाले आणि माझा बाप मोठा ठरला. "तुझ्या घरात कोण बघतंय," तू म्हणालीस. "चार दिवस ठेव. आईचा जीव आहे त्यात." जुनं दिसेल ते फोडत दंडाला लाल पट्टे बांधलेली पोरं घरोघर फिरत होती. देवादिकांची, सिद्धांची चित्रं असली की आधी फोडायची.

मी बरणीला बाहेरून चिखल थापला, वर काजळी चोळली, आत मोहरीच्या पाल्याचं लोणचं भरलं आणि ओळीनं मांडलेल्या सहा बरण्यांत ती सातवी ठेवली. ती पोरं आमच्याकडंही आली होती बरं का. एकानं नेमकं तिचंच झाकण काढून पाला चाखला आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय, काकू." मी तेव्हा सव्वीस वर्षांची, आणि काकू!

मग ती कारखान्याच्या अंगणातली सभा. तुला आपल्याच बाकावर उभं केलं होतं. पोरं ओरडत होती, "बरणी कुठं आहे? तीनशे वर्षांची बरणी होती तुमच्या घरात, सगळ्या गावाला माहीत आहे." तू गप्प होतीस, पण तुझे डोळे आमच्या गल्लीकडं वळले. ताई, तुला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. तू तोंड उघडलं असतंस तर तूही गेली असतीस, मीही, आणि बरणीही. म्हणून मी गर्दीतून ओरडले, "मी फोडली! सकाळीच फोडली! ठिकऱ्या नदीत टाकल्या!"

आणि त्याच दमात माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "स्वेइ स्वेइ पिंग आन."

ताई, ती सवय आहे गं जिभेची. फुटणंही स्वेइ आणि वर्षही स्वेइ. भांडं फुटलं की तो अपशकुन उलटा फिरवायला 'वर्षानुवर्षं शांती लाभो' म्हणायचं. या गावात रोज शंभर भांडी फुटतात, शंभर वेळा म्हणतो आपण. मी फोडली म्हटलं आणि पाठोपाठ ते आलंच. माझी आई शिंकल्यावर नाक पुसायची, तेवढाच विचार होता त्यात. पण लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि मी तुझं तोंड बघितलं.

संध्याकाळी नळावर तू मला गाठलंस. मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण तू आधी बोललीस. "माझ्या आईचा जीव होता त्या बरणीत, आणि तू शांतीचे आशीर्वाद देतेस? बरोबरच आहे. जन्मभर माझ्यापुढं पाणीच भरलंस तू. पाण्याला कुठला आलाय कणा!"

हे तू बोललीस. विसरली असशील तर आठवण करून देते.

च्याओयुन


६ एप्रिल

पेईलानताई,

काल पितरांचा दिवस झाला. ह्यांच्या थडग्यावरचं गवत काढलं, दारू शिंपडली, तांदळाच्या पिठाच्या करंज्या ठेवल्या, मुळ्याच्या, तिखटजाळ, त्यांना आवडायच्या तशा. मावशीचं थडगं तिकडं लांब, म्हणून नदीकडं तोंड करून तिच्याही नावानं पितरांच्या पैशांचे चार कागद जाळायला घेतले. आणि अडले. मावशीचं नावच मला माहीत नाही! दहा वर्षं तिच्या हातचं जेवले, पण मावशी ती मावशी. शेवटी "मावशीला पोचो" म्हणून जाळले. आता वर कुठल्या मावशीला मिळाले देव जाणे.

बरणीचं सांगते. वारं फिरल्यावर, एकोणऐंशी साली, ह्यांनी दार लावून घेतलं आणि मी तिच्यावरचा चिखल धुतला. आधी कमळ निघालं, मग कमळवाला, मग करंडेवाला. सलोख्याचे दोघे सिद्ध जसेच्या तसे, केस विस्कटलेले, हसणारे. मी मोरीतच बसून रडले. हे म्हणाले, "आता देऊन टाक तिची तिला." दर नव्या वर्षाला म्हणायचे, मरेपर्यंत म्हणाले. चांगला माणूस होता.

मावशी सांगायची ती गोष्ट आठवते तुला? दोघे एका ताटात जेवून वाढलेले. एकाचं लग्न ठरलं, आणि दुसऱ्याला कळलं की आपल्या मनातली मुलगी तीच. तो न सांगता निघून गेला आणि डोंगरावरच्या देवळात मुंडण करून बसला. पहिल्यानं लग्न टाकलं आणि शोधत निघाला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटेतल्या तळ्यातलं कमळ तोडलं. देवळातल्याला चाहूल लागली, तो जेवत होता, तसाच हातातला करंडा घेऊन धावत बाहेर आला. तू म्हणायचीस, "निघून गेला तो मूर्ख. सांगितलं असतं तर दुसऱ्याची एवढी पायपीट वाचली असती." मी म्हणायचे, "सांगितलं असतं तर दुसऱ्यानं जाऊ दिलं असतं होय?" मावशी म्हणायची, "भांडू नका गं, जेवा."

बरणीवर कमळ आणि करंडा यांच्यामध्ये वीतभर पांढरं सोडलंय. तू म्हणायचीस तो रस्ता आहे, मी म्हणायचे पाणी. बावीस वर्षं रोज बघतेय, अजून ठरलेलं नाही माझं.

आणखी एक गंमत सांगते. करंडेवाल्याच्या बाहीशी रेष तुटलीय. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या रेष ओढणाऱ्याचा हात हलला असणार. पण पाणी भरणाऱ्यानं तिथं पाणी असं थोपवून धरलंय, कुंचल्याचं टोक मातीला न टेकवता, की निळा तिथंच थांबलाय आणि तुटलेलं कुणाला दिसत नाही. तुला दिसलं होतं कधी? नसणार. तुझ्याही रेषा कधी तुटल्या नाहीत असंच तुला वाटतं.

आता मुद्द्याचं. युंगशान सामान बांधायला आलाय. बांधताना त्यानं बरणी बघितली आणि मला न विचारता संग्रहालयातल्या शाओबाईंना बोलावलं. बाई आल्या, भिंग लावून तासभर बघत बसल्या. मग विचारलं, "कुणाच्या घरातली?" आमचा शहाणा म्हणतो, "माझ्या पणजोबांची!" त्याचा पणजोबा लाकडाच्या वाडग्यात पेज प्यायचा. आणि मी? मी बाईंना चहा दिला. आठ मे रोजी बरणी न्यायचं ठरलंय. खाली पाटी लागणार, 'वान घराण्याकडून', म्हणजे आमच्याकडून.

ताई, काहीतरी लिही.

च्याओयुन


२२ एप्रिल

पेईलानताई,

सांगितलं युंगशानला. जेवताना सांगितलं, म्हणजे उठून जाता येणार नाही. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आपली नाही?"

"नाही."

"मग आपल्याकडं कशी?"

"ठेवायला दिली होती. मी परत केली नाही."

"पस्तीस वर्षं?"

"मोजता येतं की तुला."

"आई, मी बाईंना काय सांगू? पाटीवर काय लिहायचं, चोरीची म्हणून?"

"लिही," म्हटलं. "अक्षर तेवढं नीट काढ."

दोन दिवसांनी स्वतःच शाओबाईंकडं जाऊन सांगून आला. पोर वाईट नाही, थोडं घाईचं आहे. बाई म्हणाल्या, मालकिणीचं पत्र आलं तर घेऊ, तिला हवी असेल तर तिच्याकडं पोचती करू. पत्र आलं नाही तर मी बरणी कुणालाच द्यायची नाही असं ठरवलंय, त्यानं कितीही आदळआपट केली तरी.

पण ताई, तुला अजून पुरतं सांगितलेलं नाही. दुसऱ्या पत्रात लिहिलं ते खरं होतं, पण अर्धंच होतं. मी भित्री होते, तुला वाचवलं, तू मला लागेल असं बोललीस म्हणून मी गप्प बसले. वाचायला बरं वाटतं. मलाही लिहिताना बरं वाटलं.

आता उरलेलं. अडुसष्ट साली तुम्ही लीलिंगला निघालात त्या सकाळी मी बसस्टँडवर आले होते. सांगायला आले होते, शपथ. तू, मावशी आणि ती पत्र्याची ट्रंक. मी तिकिटाच्या टपरीमागं उभी राहिले. तेव्हा भीती राहिली नव्हती फारशी, चार पावलं टाकून कानात सांगता आलं असतं. पण तुझं ते नळावरचं वाक्य आठवलं आणि मनात म्हटलं, जा. जा तू. कणा तुझ्याकडं, बरणी माझ्याकडं. असं म्हटलं मी, मावशी समोर उभी असताना. एका डोळ्यानं ट्रंक बघत होती बिचारी, कुणी उचलेल म्हणून.

पुढं एकोणऐंशी साली ज्याचं त्याला परत द्यायची लाटच आली होती. लोक एकमेकांच्या घरी जाऊन कपाटं, घड्याळं, पुस्तकं देऊन येत होते, रडत होते, जेवून परतत होते. मलाही देता आली असती. पण तोवर ती घरात असण्याची सवय झाली होती. खरं सांगू? मला हवी होती ती. सकाळी उठून तिच्याकडं बघितलं की वाटायचं, तुझं काहीतरी माझ्याकडं आहे, तोवर तू पुरती गेलेली नाहीस. एक ना एक दिवस न्यायला तरी येशील. आता माझी अक्कल बघ. तुला वाटतंय फुटली, मग तू न्यायला येशील कशी? एवढं साधं माझ्या डोक्यात यायला किती वर्षं लागली ते सांगत नाही, हसशील.

तेव्हा हिशेब सरळ आहे. दोन वर्षं भीती. बाकीची सगळी चोरी.

मावशीचं नाव कळव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर. पाटीवर 'मावशी' कसं लिहायचं?

च्याओयुन


९ मे

पेईलानताई,

तुझं पत्र सहा तारखेला आलं. गॅसवाल्यानंच आणलं, पोस्टमन त्याच्याकडं देऊन गेला होता. सही करायचं सोडून मी पाकीटच उलटंसुलटं करून बघायला लागले, तर म्हणाला, "आजी, बसा आधी." एवढं पहिल्यांदाच बोलला.

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. बघ, बरोबर येतंय का:

"च्याओयुन, आईचं नाव शन यूचन. बरणी संग्रहालयाला दे, तिच्या नावानं. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून दीड महिना मी रोज टोपली घेऊन नदीकाठी ठिकऱ्या शोधत होते. आईला निदान एखादा तुकडा द्यावा म्हणून. अख्ख्या गावाच्या ठिकऱ्या मिळाल्या, त्या बरणीची एकही नाही. कमळाची पाकळी नाही, बाहीचं टोक नाही. तेव्हाच कळलं की ती शाबूत आहे आणि तुझ्याकडं आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग ठीक आहे, पोर जपेल. मी वाट बघत राहिले, तू येऊन सांगशील म्हणून. बसस्टँडवर टपरीखालून तुझे कापडी बूट दिसत होते. बस सुटेपर्यंत मी त्या बुटांकडं बघत होते. ते हलले नाहीत. बरणीचं मला काहीच नव्हतं गं, कधीच नव्हतं. आता फार उशीर झाला. इकडं येऊ नकोस. पेईलान."

पहिल्यांदा वाचून मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण धावत आली. "अगं माहीत होतं तर विचारायचं की गं मेले! एक हाक मारायची होतीस! टपरीमागं यायचं होतंस, कान धरायचा होतास!" शेजारणीला वाटलं शेन्झेनहून काही वाईट बातमी आली. तिला म्हटलं, काही नाही, माझ्या ताईचं पत्र आहे. तिला माहीतच नव्हतं मला ताई आहे ते.

मग संध्याकाळपर्यंत बसून राहिले. तू बुटांकडं बघत होतीस, आणि मी तुझ्या ट्रंकेकडं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. यावर मला माफी मागता येत नाही. मागून बघितली, वाक्य पुरं होत नाही.

काल शाओबाई येऊन बरणी घेऊन गेल्या. त्यांनी पाटीवरचं नाव माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं. 'शन यूचन यांच्या घरातली.' युंगशान गाडीपर्यंत बरणी स्वतः उचलून घेऊन गेला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "आई, मावशीआजी छान हसायच्या का?" मी म्हटलं, नाही रे, सारख्या ओरडायच्या, जेवा म्हणून.

आता तू लिहिलंयस, येऊ नकोस. वाचलं मी. मोतीबिंदू असला तरी तेवढं दिसतं. आणि तुझं म्हणणं बरोबर आहे, उशीर झालाय. पण ताई, या वेळी मी टपरीमागं उभी राहणार नाही. युंगशानला सांगितलंय, शेन्झेनला तू पुढं हो. चौदा तारखेचं लीलिंगचं तिकीट काढलंय. सकाळी पोचते.

दार उघडू नकोस. खरंच नको उघडूस. मी पायरीवर बसेन, दुपारच्या गाडीनं परत जाईन. फक्त आतून एकदा मला शिवी दे, चांगली कचकचीत, मला ऐकू येईल एवढी मोठ्यानं. तुझा आवाज ऐकून पस्तीस वर्षं झाली.

च्याओयुन